पहिल्या नंबरचं दूध आणि दुसरी बॅटरी

"आवाज फाटायलाय, मिस्त्री. तेवढं बघा. बाकी वायरींना हात लावू नका," असं म्हणून विकीशेठने गाडीची चावी माझ्या काउंटरवर फेकली. दिली नाही, फेकली. ती घसरत येऊन माझ्या चहाच्या कपावर आपटली. माझं डोकं तापायला तिथूनच सुरुवात झाली, आणि खरं सांगायचं तर ते अजून पुरतं थंड झालेलं नाही.

युसूफ वडगाव या गावात माझं ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. सेल्फ, डायनामो, हॉर्न, वायरिंग आणि अलीकडे गाड्यांमधली साउंड सिस्टीम. विकीशेठ म्हणजे जवळच्याच एका गावातल्या दूध संस्थेच्या चेअरमनचे चिरंजीव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्याकडे गाड्या आणतात. विकीशेठने आणलेली गाडी त्याची नव्हतीच. ती संस्थेची दूध गोळा करायची पिकअप होती. पण तिच्या टपावर दोन भोंगे होते, हौद्यात केबिनला टेकून भलामोठा वूफर होता आणि सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर. दुधाच्या गाडीला एवढा आवाज कशाला लागतो, असं मी विचारलं.

"सकाळी आरती लावतो. गाडी आली ते गावाला कळतं. अन् आता संस्थेचं इलेक्शन हाय. उद्या संध्याकाळी प्रचार चालू करायचाय. अण्णा बोलायलेत अन् मधीच आवाज गेला, तर बघा मग."

अण्णा म्हणजे त्याचे वडील, चेअरमन.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. दिवाळीनंतर विहिरींनी तळ दाखवला होता. निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला गेलेली, आणि गावात उरली ती म्हातारी माणसं, दुभती जनावरं आणि त्यांच्यासाठी थांबलेल्या बायका. शेतात काही नव्हतं. घरात मीठमिरची येत होती ती दुधावर. त्यामुळे दूध संस्थेचा चेअरमन हा त्या वर्षी तहसीलदारापेक्षा मोठा माणूस होता. हे त्यालाही माहीत होतं आणि त्याच्या चिरंजीवालाही.

आता थोडं आमच्या धंद्याचं. साध्या गाडीला एक बॅटरी असते. ती गाडी चालू करते, दिवे लावते, हॉर्न वाजवते. पण मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावला की तो बॅटरी पिऊन टाकतो. इंजिन बंद ठेवून तासभर गाणी वाजवली की गाडी नंतर चालूच होत नाही. म्हणून दुसरी बॅटरी बसवतात आणि दोन्हींच्या मध्ये एक रिले टाकतात. रिले म्हणजे विजेवर उघडझाप करणारं दार. इंजिन चालू असलं की दार उघडतं आणि दोन्ही बॅटऱ्या चार्ज होतात. इंजिन बंद झालं की दार लागतं. मग दुसरी बॅटरी कितीही उतरली तरी पहिली शाबूत राहते. यात अवघड काही नाही, फक्त काम मनापासून केलेलं पाहिजे.

इथे ते तसं केलेलं नव्हतं. दुसरी बॅटरी हौद्यात एका पेटीत होती. तिला चार्ज करायला आणलेली वायर इतकी बारीक होती की तिच्यावर मी मोटारसायकलचा हॉर्नसुद्धा लावला नसता. अर्थिंगचा नट रंगावरच आवळलेला होता. रंगातून करंट जात नाही, हे वायरिंग करणाऱ्याला माहीत नसेल किंवा त्याला घाई असेल. अ‍ॅम्प्लिफायर मागत होता घागरभर आणि त्याला मिळत होतं वाटीभर. आवाज फाटणार नाही तर काय होणार?

पण त्या पेटीत मला आणखी एक वायर सापडली. ती अ‍ॅम्प्लिफायरकडे जात नव्हती. पत्र्याखालून हौद्याच्या मागच्या टोकाला जाऊन एका सॉकेटमध्ये संपत होती. दुकानात त्याला काहीच जोडलेलं नव्हतं, नुसतं सॉकेट. मी ड्रायव्हरला फोन लावला. बालाजी त्याचं नाव. गाडी चालवणं, दूध मोजून घेणं, पावती देणं, सगळं तोच करायचा.

"ती व्हय? दुधाच्या मशीनची हाय ती," बालाजी म्हणाला. "फॅट अन् पानी तपासायची मशीन. ती बॅटरी मशीनसाठीच घेतलती संस्थेनं. शेठनं नंतर त्याच्यावर गाणं जोडलं."

म्हणजे संस्थेने सभासदांच्या पैशातून दुधाच्या मशीनसाठी बॅटरी घेतली, आणि चिरंजीवांनी तिच्यावर आपला वूफर टाकला. मला राग आला, पण तो तेव्हा एवढाच होता. असले प्रकार आपल्याकडे रोज बघायला मिळतात.

आवाजाचं दुखणं पूर्ण समजायला गाडी कामावर असताना मोजावी लागते. दुकानात उभी असलेली गाडी शहाण्या मुलासारखी वागते. म्हणून पिकअप त्याच दुपारी परत पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी संस्थेच्या ऑफिसला लावून, मल्टीमीटर घेऊन मी बालाजीशेजारी जाऊन बसलो. मीटरच्या लांब वायरी बॅटरीला लावल्या आणि मीटर हातात धरला.

पहिला थांबा वस्तीवरच्या लिंबाखाली. बालाजीने डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं आणि आरती लावली. भोंगे दणाणले. मीटरवरचा आकडा बारा व्होल्टवरून घसरला आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला नवाच्या आसपास आपटायला लागला. मला हवं होतं ते मिळालं. माझं काम खरं तर तिथेच संपलं होतं.

रांगेत पहिली उभी होती एक साठीची बाई. पदर खोचलेला, एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातात रिकामी घागर. कौसाबाई. नवरा आणि मुलगा-सून ऊसतोडीला, आणि ही म्हशीसाठी मागे राहिलेली. बालाजीने किटलीतलं दूध ढवळलं, छोट्या कपात घेतलं, मशीनच्या नळीखाली धरलं. मशीन घरघरलं. आकडे आले आणि बालाजीचा चेहरा पडला.

"मावशी, आज बी पानी दाखवायलंय."

"पानी?" कौसाबाईने घागर खाली ठेवली. "आरं, प्यायला न्हाई घरात पानी, दुधात कुठून घालू बाबा?"

रांगेतली दोन-चार माणसं हसली. एक जण म्हणाला, "टँकर येतोय की मावशी रोज."

हसण्यासारखं त्यात काय होतं, मला कळलं नाही. बालाजी खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, मी काय करू? अण्णांनी सांगितलंय. आज बी निघालं तर दूध तसंच किटलीत ऑफिसला आणायचं. पुरावा म्हनून. तुमी बी या."

मग बालाजीकडून मला सगळा प्रकार कळला. आठवडाभर तिच्या दुधात मशीन पाणी दाखवत होतं. आदल्या संध्याकाळी याच भोंग्यावरून गावभर पुकारा झाला होता: कौसाबाई दुधात पाणी घालतात, संस्था त्यांना शेवटची संधी देत आहे. नाव घेऊन. आज पुन्हा पाणी निघालं तर तिचं सभासदत्व रद्द. त्या गावात दूध घेणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे म्हैस विकायची, आणि दुष्काळात म्हैस घेतं कोण, खाटकाशिवाय?

कौसाबाई किटली गाडीत ठेवून ऑफिसच्या दिशेने चालायला लागली. घागर रिकामीच घेऊन. टँकरची वेळ होती, पण ती तिकडे गेली नाही.

एवढ्यात आरती संपली. बालाजीने साउंड बंद केला. माझ्या हातातल्या मीटरवरचा आकडा हळूहळू वर चढला आणि बारापाशी स्थिरावला. दुसऱ्या माणसाचं दूध मशीनखाली गेलं. चांगलं निघालं. तिसऱ्याचं चांगलं, चौथ्याचं चांगलं. मी मीटरकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि मला शंका आली.

पण एका थांब्यावरून काही ठरवायचं नसतं. पुढच्या थांब्यावर बालाजीने पुन्हा इंजिन बंद केलं, पुन्हा आरती लावली. पहिला एक म्हातारा होता. त्याच्या दुधात पाणी. आरती संपली. बाकीच्यांचं दूध चांगलं.

"बालाजी, हे असंच होतं रोज? पहिल्याच्याच दुधात पाणी?"

"मग! पहिले येनारेच लबाड असतेत, मिस्त्री. गर्दी व्हायच्या आत उरकून घ्यायचं असतंय त्यांना. अण्णा मीटिंगमधी बी म्हनले असं."

गावाने त्याच्यावर सिद्धांत बसवला होता! बाई लवकर का येते, तर तिला पुढे टँकरवर नंबर लावायचा असतो, घागर हातात दिसत होती सगळ्यांना. पण नाही. लवकर येते म्हणजे चोर.

"अरे, आरती चालू असताना मशीन लावू नको. आधी बंद कर, मग मोज."

बालाजीने जीभ चावली. "मधीच? आरती मधीच बंद करत न्हाईत, मिस्त्री. संपू द्यावी लागती. अन् तोवर थांबावं तर पुढच्या वस्त्या बोंबलतेत उशीर झाला म्हनून. मग एकीकडं आरती, एकीकडं माप."

हा खरा घोटाळा. आरती अर्ध्यात थांबवायची नाही, हे सगळ्यांनाच पटलेलं. त्यामुळे आरती वाजत असतानाच पहिल्याचं दूध मोजलं जायचं, आणि आरती संपली की मशीन सुधारायचं. मशीनच्या आत कमी व्होल्टेजला नक्की काय होतं, ते मशीनवालेच जाणोत. बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणीतरी दुरुस्तीला बोलावलं असतं. ते बंद पडत नव्हतं. चुकीचं बोलत होतं, आणि सगळे माना डोलावत होते.

फेरी संपवून आम्ही संस्थेच्या ऑफिसला पोचलो. कौसाबाई पायरीवर बसली होती, घागर शेजारी. अंगणात पंधरा-वीस सभासद जमलेले. चेअरमन अण्णा खुर्चीत, पांढरे कपडे, कपाळावर गंध. विकीशेठ गाडीच्या बोनेटला टेकून मोबाइल बघत उभा.

"झाला का आवाज नीट?" त्याने विचारलं.

"आवाजाचं नंतर. आधी ह्या बाईंचं दूध परत मोजायला लागतंय."

"कावून?"

मी सांगितलं. एकाच बॅटरीवर दोन्ही, आरती चालू असली की व्होल्टेज पडतं, मशीन चुकतं, आणि पहिला नंबर नेहमी त्यात सापडतो. जमेल तितकं सोपं करून सांगितलं. विकीशेठ हसला.

"तुमाला आवाजाचं काम दिलंय, दुधाचं न्हाई."

"बॅटरी एकच हाय, शेठ. मी काय करू?"

चेअरमननी हात वर केला. "मिस्त्री, मशीन लई महागाची हाय. मशीन खोटं बोलत न्हाई. मानूस बोलतंय."

हे ते कौसाबाईकडे न बघता बोलले. मला वाटलं, मल्टीमीटर तिथेच आपटावा. पण माझा स्वतःचा होता तो. मी बालाजीला म्हणालो, "मावशीची किटली आण. साउंड बंद आहे ना? मोज."

बालाजीने दूध ढवळलं, कप धरला. आकडे आले. त्याने दोनदा बघितले. "अण्णा, पानी न्हाई. फॅट बी लई चांगली हाय."

अंगणात कुजबुज झाली. चेअरमन म्हणाले, "ढवळलं असंल आता नीट. सकाळी नसंल ढवळलं."

सकाळी ढवळताना मी स्वतः बघितलं होतं. पण वाद घालत बसलो असतो तर दुपार झाली असती. ऑफिसच्या दाराशी चेअरमनच्या घरची चकचकीत बरणी नुकतीच येऊन टेकली होती. त्यांचं दूध नेहमी असं सगळ्यात शेवटी, सावकाश, थेट ऑफिसला यायचं. मी म्हणालो, "अण्णा, मग तुमच्या घरचं मोजू. आरती लावून."

नाही म्हणणार कसं? पंधरा-वीस मतदार समोर उभे होते. त्यांनी मान हलवली. बालाजीने आरती लावली. भोंगे दणाणले, फाटक्या आवाजात. त्याने चेअरमनच्या दुधाचा कप मशीनखाली धरला. मशीन घरघरलं. बालाजी आकड्यांकडे बघत राहिला.

"सांग की बे," विकी खेकसला.

"पानी दाखवायलंय, शेठ. मावशीच्यापेक्षा जास्त."

आरती चालू होती, म्हणून कुणी काही बोललं नाही. सगळे ती संपायची वाट बघत हात जोडून उभे राहिले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब आरती. संपली, तसे चेअरमन पहिलं वाक्य बोलले, आणि ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"मशीन बिघडलंय."

बघा. कौसाबाईच्या दुधात पाणी निघालं तेव्हा कौसाबाई चोर. यांच्या दुधात निघालं तेव्हा मशीन बिघडलं. तेच मशीन, तीच बॅटरी, तीच आरती. एवढी महागाची, खोटं न बोलणारी मशीन एका कपात नादुरुस्त झाली! मी तोंडावर बोललो नाही, याचा मला अजून त्रास होतो. पण बोलायची गरजही नव्हती. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि यावेळी ते कौसाबाईला हसलं नव्हतं.

चेअरमन मुरलेला गडी. लगेच सावरले. "बरं झालं मिस्त्री, ध्यानात आणून दिलं. विकी, मशीनसाठी नवी बॅटरी घे संस्थेच्या खर्चानं. ही राहू दे साउंडला."

म्हणजे पुन्हा सभासदांच्याच माथी! मी हौद्यात चढलो, पाना घेतला आणि अ‍ॅम्प्लिफायरची वायर त्या बॅटरीवरून काढली. "ही बॅटरी दुधाची हाय, अण्णा. तुमच्या ठरावात तसंच असंल. साउंडला तुमची आणा, मी फुकट बसवून देतो."

विकीशेठ तरातरा माझ्याकडे आला, पण बापाने डोळ्यानेच थांबवलं. इलेक्शन होतं ना.

सभासद पांगायला लागले. सगळ्यांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं. कौसाबाई मात्र पायरीवरून उठली आणि चेअरमनसमोर येऊन उभी राहिली.

"अण्णा, भोंग्यावर माझं नाव घेतलं तुमी. साऱ्या गावानं ऐकलं. माझा लेक तिकडं उसाच्या फडात हाय, त्याच्या सासरवाडीला बी कळलं. आता भोंग्यावरच सांगा."

"सांगू की काकू, मीटिंगमधी सांगू. आता तर साउंडच बंद केलाय मिस्त्रीनं."

ते माझ्याकडे बोट दाखवून मोकळे झाले. आता मात्र माझी सटकली. मी माझ्या गाडीतून जंपर केबल आणली, म्हणजे एका गाडीच्या बॅटरीवरून दुसरी चालू करायला वापरतात ती अंगठ्याएवढी जाड वायर. बोनेट उघडून अ‍ॅम्प्लिफायर थेट पुढच्या मोठ्या बॅटरीला जोडला. अर्थिंग पत्रा खरवडून दिलं. बालाजीला म्हणालो, "इंजिन चालू ठेव." आणि माइक चेअरमनच्या हातात दिला.

त्यांनी घसा खाकरला. "सर्व सभासद बंधू-भगिनींना नमस्कार. आपल्या संस्थेनं दक्षता घेऊन मशीनमधला दोष शोधून काढला आहे..."

"माझं नाव घ्या, अण्णा," कौसाबाई म्हणाली.

"...तरी कुणी गैरसमज करून घेऊ नये..."

"माझं नाव घ्या."

ती ओरडली नाही. नुसती उभी राहिली. पांगलेली माणसं परत फिरली होती. चेअरमननी इकडेतिकडे बघितलं, कपाळावरचा घाम पुसला, आणि माइकमध्ये म्हणाले, "कौसाबाईंच्या दुधात पाणी नव्हतं."

त्या भोंग्यातून पहिल्यांदाच आवाज न फाटता निघाला. शब्द न शब्द स्वच्छ. लिंबाखालच्या वस्तीपर्यंत गेला असेल. कौसाबाईने पदराने डोळे पुसले, घागर उचलली आणि ती टँकर असायचा त्या बाजूला चालायला लागली. टँकर केव्हाच निघून गेला होता. ते तिलाही माहीत असणार.

विकीशेठने मला पुन्हा काम दिलं नाही. माझ्या कामाचे पैसेही दिले नाहीत, त्याचं काही नाही. त्याने दुसरीकडून स्वतःची बॅटरी बसवून घेतली, एवढं मात्र झालं. बालाजी हल्ली आरती वस्ती यायच्या आधीच, चालत्या गाडीत लावतो. लिंबाखाली पोचेपर्यंत ती संपलेली असते. देवाचंही राहतं आणि दुधाचंही. मध्यंतरी दुकानावर आला तेव्हा मी विचारलं, कौसाबाई आता रांगेत कुठे असतात? तो म्हणाला, "पहिल्याच. कुनी पुढं गेलं तर बाजूला सारतेत."

तेव्हापासून कुणी आवाज फाटतो म्हणून गाडी आणली, की मी आधी दुसऱ्या बॅटरीवरच्या सगळ्या वायरी शेवटपर्यंत हाताने चाचपत जातो. गिऱ्हाईक वैतागतं, म्हणतं, तेवढा आवाज बघा. मी म्हणतो, आवाजच बघतोय. कुणाचा आवाज दाबून हा निघतोय, ते आधी बघू द्या.